अल्फा चांगला आला, म्हणजे प्रश्नावली मराठी झाली का?

प्रश्न थोडक्यात असा. ऐरोलीच्या एका शाळेत समुपदेशक असलेल्या आणि सोबत एम.ए.चा प्रबंध लिहिणाऱ्या ताईंनी 'सर्वसाधारण स्व-क्षमता', म्हणजे समोर आलेलं काम आपल्याला जमेल हा एकूण विश्वास, मोजणारी दहा विधानांची प्रश्नावली मराठीत आणली. नववीच्या तीन तुकड्यांतल्या १२० मुलामुलींकडून ती भरून घेतली. क्रोनबाख अल्फा, म्हणजे विधानांची अंतर्गत सुसंगती दाखवणारा आकडा, ०.८च्या पुढे आला. मार्गदर्शक म्हणतात, झालं काम, 'मराठी आवृत्ती प्रमाणित केली' असं लिहा. ताईंना ते पटत नाही. अजून काय करायचं आणि सुरुवात कुठून करायची, हे त्यांनी विचारलं आहे.

ताई, तुमची शंका रास्त आहे. तसं लिहू नका. मी वीसेक वर्षं ठाण्यात आणि खाडीपलीकडे नवी मुंबईत शाळकरी मुलांसोबत काम करते आहे, आणि या वाटेवर जिथे सगळ्यांचा पाय अडकतो तिथे माझाही अडकला आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी अल्फाचं बघू. अल्फा एवढंच सांगतो की दहा विधानांची उत्तरं एकमेकांबरोबर वरखाली होतात. ती कशामुळे होतात, हे तो सांगत नाही. ली क्रोनबाख यांच्या १९५१च्या लेखापासून हा गुणक सर्वत्र रुळला आणि हळूहळू त्याच्याकडून नको तेवढी अपेक्षा होऊ लागली. कागद-पेन घेऊन करून पाहा: विधानांमधला सरासरी सहसंबंध (एकाचं उत्तर दुसऱ्याबरोबर किती हलतं ते) अवघा ०.३ असला तरी दहा विधानांवर अल्फा ०.८१ येतो. त्याच सहसंबंधाची वीस विधानं घ्या, ०.९० येतो. विधानं वाढवली की आकडा वाढतो. शिवाय तुमची दहाही विधानं सरळ अर्थाची आहेत, उलट अर्थाचं एकही नाही. शेवटच्या तासाला कंटाळलेलं पोर वरपासून खालपर्यंत एकाच रकान्यात टिक करत गेलं, तर त्यानेही अल्फा वाढतो. म्हणून पहिलं काम हे करा: १२० कागद पुन्हा काढा आणि असे एकाच रकान्याचे किती आहेत ते मोजा. ती मुलं वगळून अल्फा काढा आणि दोन्ही आकडे प्रबंधात द्या.

आता मूळ मुद्दा. आपल्याला मोजायचं काय आहे? मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेली स्व-क्षमतेची कल्पना अशी की, अमुक काम आपल्याला करता येईल की नाही याबद्दल माणसाचा स्वतःचा जो अंदाज असतो, त्यावर तो कशाला हात घालतो आणि अडल्यावर किती टिकतो हे ठरतं. मॉरिस रोझेनबर्ग यांची १९६५ची दहा विधानांची प्रश्नावली विचारते ती वेगळीच गोष्ट: मी माणूस म्हणून स्वतःला किती किंमत देतो. पहिली 'जमेल का' असं विचारते, दुसरी 'मी बरा आहे का' असं. मराठीत आपण दोन्हींना सर्रास 'आत्मविश्वास' म्हणून मोकळे होतो आणि मग भाषांतरातच दोन संकल्पनांची सरमिसळ होते. गणितात शून्य खात्री असलेली, पण स्वतःवर छान प्रेम करणारी मुलं मी पाहिली आहेत. उलटही पाहिली आहेत: पंच्याण्णव टक्के मिळवणारी, पेपर सहज सोडवणारी, आणि स्वतःला कवडीमोल समजणारी. त्यामुळे प्रश्नावलीच्या डोक्यावर 'आत्मविश्वास चाचणी' असं छापू नका. मुलं तो मथळा वाचतात आणि त्यालाच उत्तर देतात.

बांडुरा यांचा आग्रह होता की असा विश्वास कामाकामाप्रमाणे वेगळा मोजावा, सगळ्याला एकच पट्टी लावू नये. तुमची प्रश्नावली दुसऱ्या वाटेची आहे. राल्फ श्वार्झर आणि माथियास जेरुसलेम यांनी ती जर्मनमध्ये आधी वीस विधानांची केली होती, मग १९८१ मध्ये दहावर आणली. चार पर्याय, एकूण गुण १० ते ४०. ती निवडली याला माझी हरकत नाही. पण शाळेत समुपदेशनासाठी वापरायची असेल तर पीटर म्युरिस यांची २००१ची मुलांसाठीची प्रश्नावलीही एकदा पाहा. तिच्यात २४ विधानं आहेत, अभ्यास, मित्रमंडळी आणि भावना सांभाळणं अशा तीन भागांत आठ-आठ. 'या पोराचं अभ्यासात अडतंय की चारचौघांत बोलण्यात' हे तिच्यातून दिसतं. एका बेरजेतून ते दिसत नाही.

आता भाषा. माझ्या मते सगळं काम इथेच आहे, आणि इथेच सगळ्यात कमी वेळ दिला जातो.

रूढ पद्धत तुम्हाला ठाऊक असेलच: दोघांनी स्वतंत्रपणे मराठी करायचं, दोन्ही मसुदे बसून एक करायचे, मग मूळ (इथे इंग्रजी आवृत्ती) न पाहिलेल्या माणसाकडून ते उलट इंग्रजीत आणायचं आणि मुळाशी ताडून पाहायचं. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० मध्ये उलट भाषांतराचा पाठपुरावा केला, तेव्हापासून प्रबंधांत ती पायरी असतेच. ती करा, पण तिच्यावर विसंबू नका. शब्दाला शब्द ठेवून केलेलं बोजड मराठी उलट नेताना अगदी हुबेहूब परत येतं. 'मी अनपेक्षित घटनांना कार्यक्षमपणे तोंड देऊ शकतो' हे इंग्रजीत सुंदर परत जातं. नववीतलं पोर ते वाचताना 'कार्यक्षमपणे'पाशी थांबतं आणि पुढचं वाचतच नाही.

या वाक्यातला 'शकतो' बघा. इंग्रजीत क्रियापदाला लिंग नाही, आपल्याकडे आहे. 'शकतो' लिहिलं तर मुलींना वाटतं हे मुलांसाठी आहे. 'शकतो/शकते' लिहिलं तर दहा वेळा तिरकी रेघ येते आणि कागद सरकारी अर्जासारखा दिसतो. आणि मुळात 'मी करू शकतो' असं घरात कोण बोलतं? आपण म्हणतो 'मला जमतं', 'मला येतं', 'मला जमेल'. या रूपात लिंगाचा प्रश्नच मिटतो. फक्त 'येतं' आणि 'जमतं' यांत फरक ठेवा. पोहायला येतं हे कौशल्य झालं. घाईगर्दीत, दडपणाखाली, तरीही निभावतं ते जमतं. बांडुरा सांगतात की विधान 'करता येईल' अशा अर्थाचं हवं, 'करीन' अशा अर्थाचं नको. मराठीत ही वाट आयती तयार आहे: 'मी रोज अभ्यास करेन' हा संकल्प, 'मला रोज अभ्यास करायला जमेल' हा विश्वास. पहिल्याला सगळी मुलं हो म्हणतात, विशेषतः एक जानेवारीला. दुसऱ्याला ती थोडा विचार करून उत्तर देतात, आणि आपल्याला तो विचारच हवा आहे.

पर्यायांचंही तसंच. 'पूर्णतः सहमत', 'अंशतः असहमत' हे मोठ्यांच्या सर्वेक्षणाचे शब्द. मूळ पर्याय खरं-खोटं या अंगाने जातात, म्हणून 'अजिबात खरं नाही, थोडंसं खरं, बऱ्यापैकी खरं, अगदी खरं' असे शब्द ठेवता येतात. 'थोडंसं' आणि 'बऱ्यापैकी' यांतलं अंतर मुलांना कळतं का हे विचारून घ्या. बऱ्याच मुलांच्या तोंडी 'बऱ्यापैकी' म्हणजे 'ठीकठाक', म्हणजे जवळजवळ मधलं.

आणि आता मुलांसोबत बसणं. तुम्ही हे केलेलं नाही, म्हणून सुरुवात इथूनच करा. आठ-दहा मुलं, एका वेळी एक, समोर प्रश्नावली. 'हे वाक्य मोठ्याने वाच. आता तुझ्या शब्दांत सांग. वाचताना कुठला प्रसंग डोळ्यांसमोर आला? बऱ्यापैकी का निवडलंस, अगदी खरं का नाही?' एवढेच चार प्रश्न. वर्गशिक्षिका खोलीत नकोत. तुम्ही गुण देणाऱ्या नाही, हे आधी सांगा. मुलं जे बोलतील ते जसंच्या तसं लिहून घ्या, शुद्ध करू नका.

असंच बसल्यावर मला कळलेल्या दोन-तीन गोष्टी सांगते. एका विधानाचा आशय असा आहे की कोणी विरोध केला तरी मला हवं ते मिळवण्याचे मार्ग मला सापडतात. घणसोलीकडची एक मुलगी, वर्गात हुशार, आंतरशालेय स्पर्धांत धीटपणे बोलणारी. तिने 'अजिबात खरं नाही'वर टिक केली. मी विचारलं, कुठला प्रसंग आठवला? म्हणाली, "म्हणजे मॅडम, आईबाबा नाही म्हणाले तरी हट्ट करून घ्यायचं, तसंच ना? मी तशी नाहीये." तिच्यासाठी ते विधान स्व-क्षमतेचं नव्हतंच, ते संस्काराचं होतं. 'विरोध' म्हटलं की चौदा वर्षांच्या मुलीला आईवडील आठवतात, आणि 'हवं ते मिळवणं' म्हणजे हट्ट. जितकं पोर समजूतदार, तितके गुण कमी. त्याआधी काही वर्षं मी हे विधान जसंच्या तसं वापरलं होतं आणि कमी गुण पडलेल्या मुलींसाठी आत्मविश्वासाची शिबिरंही घेतली होती. त्या मुलींपुढे मी काय बोलले असेन ते आज आठवलं तरी वाईट वाटतं.

दुसरं विधान कठीण समस्यांचं. मसुद्यात 'कठीण प्रश्न सोडवायला मला जमतं' असं होतं. एका मुलाने चटकन 'अजिबात नाही' केलं आणि सांगितलं, "भाग दोन जमतच नाही." त्याच्या डोळ्यांसमोर भूमितीचं पुस्तक होतं. तोच मुलगा वडील आजारी असताना पहाटे उठून दुधाची लाइन टाकून सातच्या शाळेला येत होता. म्हणून 'प्रश्न' काढून 'अडचण' केलं. तर मुलींच्या गटात एक गालातल्या गालात हसली, कारण तिच्या आजीच्या तोंडी 'अडचण आली' म्हणजे पाळी आली. शेवटी 'अवघड प्रसंग' या शब्दांवर आलो. ते चाललं.

मूळ प्रश्नावलीत अनपेक्षित परिस्थितीबद्दलची दोन विधानं आहेत. इंग्रजीत दोघांना वेगवेगळे शब्द आहेत, मराठीत दोन्हींचं 'अनपेक्षित' होतं. मुलं विचारतात, "हे आधी आलं होतं ना?" आणि आधीचंच उत्तर पुन्हा देतात. पुढे घटक विश्लेषणात (कोणती विधानं एकत्र गटाने जातात हे पाहणाऱ्या गणितात) ही दोन विधानं एकमेकांना चिकटलेली दिसतात आणि आपण त्यात खोल अर्थ शोधत बसतो. खरं कारण आपला शब्द असतो. एका ठिकाणी 'अचानक काही घडलं तर' आणि दुसऱ्या ठिकाणी 'जे आधी कधी केलं नाही असं काही समोर आलं तर' असं लिहून मी वाट काढली, पण मुळाचा आशय ताणला जात नाही ना हे पुन्हा तपासावं लागलं. प्रत्येक बदल तारीख आणि कारणासकट वहीत नोंदवा. मूळ लेखकांची परवानगी आणि अटी पाहा. विधान बदलायचं असेल तर ते त्यांच्या आशयात बसतंय हे दाखवायची जबाबदारी तुमची.

बदल केले की नव्या पाच-सहा मुलांसोबत पुन्हा बसा. नवीन काही सापडायचं थांबलं की पुढे जा.

तज्ज्ञांचं मत घेण्याची पायरी छोटी आहे. सहा जण पुरतात: दोन मानसशास्त्राचे, एक संख्याशास्त्र जाणणारा, एक समुपदेशक, एक भाषांतराची जाण असलेला आणि नववीला मराठी शिकवणाऱ्या बाई. बाई हव्याच, कारण मुलं काय वाचतात हे त्यांना माहीत असतं. प्रत्येक विधान संकल्पनेला धरून आहे का, याला एक ते चार असे गुण द्यायला सांगा. सहापैकी पाच जणांनी तीन किंवा चार दिले तर विधानाचा निर्देशांक (पाच भागिले सहा) ०.८३ येतो, ते ठेवा. चौघांनीच दिले तर ०.६७, तिथे थांबून चर्चा करा. ०.७८ ही रूढ सीमा आहे.

आता तुमच्या १२० मुलांबद्दल. ती १२० नाहीत. एका वर्गातली मुलं एकमेकांसारखी असतात: तेच शिक्षक, तीच वस्ती, कालचा तोच गणिताचा निकाल. समजा गुणांतल्या एकूण फरकात वर्गावर्गांतल्या फरकाचा वाटा अवघा पाच टक्के आहे. ४० मुलांच्या वर्गाला हिशेब १ + ३९ × ०.०५ (३९ म्हणजे प्रत्येक मुलाचे बाकीचे वर्गमित्र), म्हणजे २.९५ होतो. १२०ला त्याने भागा: जेमतेम ४० स्वतंत्र मुलांइतकीच माहिती तुमच्याकडे आहे. त्यामुळे तीन तुकड्यांच्या जागी आठ-दहा शाळांतून थोडी-थोडी मुलं घेणं केव्हाही बरं. ३००च्या आसपास असली तर दहा विधानांसाठी मला निर्धास्त वाटतं.

आणि शाळा निवडताना ठाणे-वाशी लोकलच्या खिडकीतून बाहेर पाहिलं तरी पुरे. दिघ्याच्या चाळी, घणसोली-गोठिवलीची आगरी गावठाणं, कोपरखैरण्यातली सातारा-सांगलीकडून आलेली माथाडी कुटुंबं, पलीकडे ठाण्यात वागळे इस्टेटची कामगारवस्ती, नौपाड्यातल्या जुन्या अनुदानित शाळा, घोडबंदर रोडच्या संकुलांतली सेमी-इंग्लिशची मुलं. सगळी मराठी वाचतात, पण एकच मराठी नव्हे. महापालिकेच्या मराठी शाळेत घरी हिंदी बोलणारी मुलंही असतात. मुखपृष्ठावर घरची भाषा विचारा, नुसतं माध्यम विचारून भागत नाही. भाषांतर नौपाड्याच्या मराठीत झालं आणि मोजमाप दिघ्यात, तर कमी गुण विश्वासाचे की वाचनाचे हे सांगता येणार नाही. शहापूर-मुरबाडच्या आश्रमशाळा तुमच्या नमुन्यात नसतील तर 'मराठी किशोरवयीन मुले' असा दावा करू नका, 'ठाणे-नवी मुंबई शहरी भागातली' असं लिहा.

घटक विश्लेषणात फार रमत नाही. त्यासाठी जामोवी किंवा आर ही संगणकावरची संख्याशास्त्राची साधनं घ्या, दोन्ही मोफत आहेत. चारच पर्याय असल्यामुळे उत्तरं क्रमवार माना, लांबी-वजनासारखी सलग संख्या मानू नका. आरमधल्या लावान पॅकेजात तशी सोय आहे. दहाही विधानांमागे एकच गोष्ट आहे, असा एकाच घटकाचा नमुना बसतो का पाहा. नमुना किती बसतो हे दोन आकडे सांगतात: सीएफआय (जास्त तितका बरा) ०.९५च्या आसपास, आरएमएसईए (कमी तितका बरा) ०.०६च्या आसपास, या सीमा हू आणि बेंटलर यांच्या १९९९च्या लेखातून आल्या आहेत. त्या वाट दाखवतात, निकाल देत नाहीत. एखादं विधान बसत नसेल तर संगणकाने सुचवलेली दुरुस्ती करण्याआधी मुलांच्या मुलाखतींची वही उघडा. बहुतेक वेळा उत्तर तिथे लिहिलेलं असतं. अल्फासोबत ओमेगा हा सुसंगतीचा दुसरा गुणकही द्या.

मुलगे आणि मुली यांची तुलना हा प्रबंधांतला सगळ्यांचा लाडका तक्ता. तो टाकण्याआधी प्रश्नावली दोघांना सारखीच लागू पडते का हे तपासा: आधी रचना सारखी, मग विधानांचं वजन (विधान घटकाशी किती जोडलेलं आहे ते) सारखं, मग सुरुवातीची पातळी (विश्वास सारखाच असताना विधानाला मिळणारे गुण) सारखी. प्रत्येक पायरीला सीएफआय ०.०१पेक्षा जास्त घसरायला नको. 'नवीन ठिकाणी एकट्याने काम निभावणं' अशा आशयाच्या विधानाला मुलगी कमी गुण देते, कारण तिला एकटीला स्टेशनपर्यंतही जाऊ देत नाहीत. तिला जमत नाही असं नाही, तिला परवानगी नाही. ही तपासणी न करता 'मुलींची स्व-क्षमता कमी' असं छापलं, की ते वाक्य शाळेच्या पालकसभेत पोचतं आणि मुलींच्याच अंगावर येतं.

फेरचाचणी, म्हणजे त्याच मुलांकडून तीच प्रश्नावली पुन्हा भरून घेणं, दोन आठवड्यांनी घ्या, साधारण ५० मुलांवर. तारीख मात्र शाळेचं वेळापत्रक समोर ठेवून ठरवा. मधे सहामाहीचा निकाल लागला तर मुलं खरोखरच बदललेली असतात, आणि दोष प्रश्नावलीच्या माथी येतो. गणपतीच्या सुट्टीच्या आधी-नंतरही नको. दहावीची मुलं जानेवारीत, पूर्वपरीक्षेच्या काळात, अजिबात नकोत.

शेवटी बाहेरच्या गोष्टींशी ताडून पाहणं. रोझेनबर्ग यांच्या प्रश्नावलीशी संबंध असावा, पण मध्यम. ०.९ आला तर दोन्ही कागद एकच गोष्ट मोजत आहेत. परीक्षेच्या गुणांशी संबंध थोडा असेल, सर्वसाधारण प्रश्नावलीकडून त्याहून जास्त मागू नका. काय अपेक्षित आहे ते आकडे पाहण्याआधी लिहून, तारीख घालून मार्गदर्शकांकडे द्या. नंतर सुचलेली अपेक्षा कामाची नसते.

संमतीचं राहिलं नसेल अशी आशा आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पालकांची संमती तर हवीच, पण १२ ते १८ वयाच्या मुलाचा स्वतःचा लेखी होकारही हवा. मुख्याध्यापकांची सही त्याची जागा घेत नाही. कागदावर नाव नको, सांकेतिक क्रमांक द्या, आणि क्रमांकांची यादी शाळेच्या कपाटात ठेवू नका. या प्रश्नावलीला 'इतक्याखाली म्हणजे कमी' अशी कुठलीही सीमारेषा नाही, म्हणून वैयक्तिक गुण वर्गशिक्षकांना देऊ नका. भरताना एखादं पोर रडलं किंवा कोपऱ्यात काही लिहून गेलं, तर त्याच दिवशी बोला. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ आणि चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हे दोन्ही क्रमांक प्रत्येक कागदाच्या तळाशी छापा, म्हणजे कुणा एकाला वेगळं काढून द्यावे लागत नाहीत.

प्रबंध जमा करायला वेळ कमी असेल तर एवढं करा: येत्या दोन आठवड्यांत दहा मुलांच्या मुलाखती घ्या आणि त्या परिशिष्टात जोडा, त्यांच्याच शब्दांत. आणि निष्कर्षाच्या पानावर 'प्रमाणित केली' याऐवजी असं लिहा: "ऐरोलीतील एका शाळेच्या इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांवर प्रश्नावलीच्या प्राथमिक मराठी मसुद्याची अंतर्गत सुसंगती तपासली. विधानांचा अर्थ विद्यार्थी कसा लावतात याची मुलाखतींद्वारे पडताळणी केली असून, त्यानुसार सुचवलेले बदल पुढे दिले आहेत." तोंडी परीक्षेत कुणी विचारलं की मग वैधता (जे मोजायचं तेच मोजलं जातंय याचा पुरावा) कुठे आहे, तर ते परिशिष्ट उघडून समोर ठेवा.